टॉवेलखालची टांग

माझ्या साडूइतका संताप आणणारा माणूस सांगली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि शेजारचा सातारा जिल्हाही यात धरायला माझी हरकत नाही. संताप आणणारी माणसं मी रोज बघतो. मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढणं हे माझं काम. ‘श्वास रोखा’ म्हटलं की नेमकी खोकणारी, ‘हलू नका’ म्हटलं की मान वळवून ‘आँ?’ विचारणारी माणसं दिवसभर माझ्यापुढे येत असतात आणि मी प्रत्येकावर मनापासून ओरडतो. स्वभाव तापट आहे, तो मी कधी लपवलेला नाही. पण ती माणसं ड्यूटी संपली की डोक्यातून जातात. साडू जात नाही. रविवारी दुपारी त्यानं मला हरवलं की बुधवारपर्यंत माझे दात आवळलेले असतात. बायको म्हणाली, अशानं जबडा धरेल. धरला. शेवटी माझ्याच जबड्याचा फोटो काढून घ्यावा लागला, आणि तो काढताना मी हललो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला आटपाडीला. धंदा शेळ्या-मेंढ्यांच्या दलालीचा. अशा माणसाला आमच्याकडे हेडी म्हणतात. तसं बघितलं तर आम्ही दोघंही मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्याच घरातले, पण आमची मेंढरं आजोबांच्या वेळीच सुटली आणि मी दिव्यापुढं धरून माणसांची हाडं बघायला लागलो. त्याच्या घरातली सुटली नाहीत. त्याला मी पहिल्यांदा बघितलं ते आष्ट्याला, सासऱ्यांच्या घरी. तो मुलगी बघायला आला होता आणि मी थोरला जावई म्हणून त्याला पारखायला बसलो होतो. शिक्षण किती, शेती किती, तंबाखू खातो का, असे सगळे प्रश्न मी मनात लावून ठेवले होते. तो आला, सगळ्यांना राम राम केला, माझ्या शेजारी बसला, आणि बोलता बोलता त्यानं माझ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तीन बोटं दाबली. मेंढराच्या अंगात मांस किती आहे ते तिथं दाबलं की कळतं. “पावणं, खाताय चांगलं, पर अंगाला लागत न्हाई,” तो म्हणाला. सासरे हसले. सासूबाई पदराआड हसल्या. माझी बायको तर उघड हसली. मी माझे सगळे प्रश्न विसरून गेलो आणि लग्न ठरलं.

माणूस दिसला की पाठ दाबायची ही खोड अजून सुटलेली नाही. एकदा मला डबा द्यायला तो दवाखान्यात आला. आमचे हाडांचे मोठे डॉक्टर बुटाची नाडी बांधायला व्हरांड्यात वाकले होते. त्यांच्याशी बोलताना आम्ही कर्मचारी हात मागं बांधून उभे राहतो. यानं सरळ जाऊन त्यांची पाठ दाबली. “सायेब, डावीकडनं धरतंय न्हवं? बसून उठताना?” माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. डॉक्टर हळूहळू सरळ झाले, त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं?” पुढच्या आठवड्यात त्यांच्या कमरेचा फोटो मीच काढला. दुखणं डावीकडंच निघालं. तेव्हापासून मी दिसलो की डॉक्टर साडूची चौकशी करतात. सतरा वर्षं मी त्या दवाखान्यात आहे. माझं नाव त्यांना अजून नीट येत नाही.

आता टॉवेलचं सांगतो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून बोली करतात. भोवती चार माणसं उभी असतात, पण टॉवेलखाली काय चाललंय ते त्या दोघांशिवाय कोणाला कळत नाही. या कामात साडूला तोड नाही. खाली बोटं वाटेल ते करत असतात आणि वर चेहरा मात्र पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. ही कला त्यानं बाजारापुरती ठेवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याला उघड्यावर काही ठरवताच येत नाही. त्याच्या मुलीच्या बारशाला जिलेबी किती करायची हे त्यानं आचाऱ्याबरोबर टॉवेलखाली ठरवलं. ‘जेवणार का?’ असं विचारलं तर हो नाही आणि नकोही नाही. “बगू” म्हणतो आणि पाटावर बसतो. मेव्हणी सांगते, लग्नाचा होकारसुद्धा त्यानं तोंडानं दिला नाही. सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि दाबला.

चार वर्षांपूर्वी मी टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेतला. स्वतःसाठी घेतला, सांगायला लाज कशाची? रक्तदाब वाढलाय, काहीतरी विरंगुळा शोधा, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि मला विरंगुळा म्हणून मारामारीचा खेळ आवडला. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना हाणतात, आणि ज्याची वरची पट्टी आधी संपते तो पडतो. सोळा योद्ध्यांतून आपला एक निवडायचा. मी एक दांडगा टकल्या निवडला आणि त्याच्या सगळ्या युक्त्या पाठ केल्या. आगीचा गोळा टाकणं, कोपरानं दणका देणं, उचलून आपटणं, सगळं. मग एका रविवारी साडू आला आणि मी त्याला दुसरा कंट्रोलर दिला. मीच दिला. या हातानं दिला.

योद्धा निवडायला त्यानं पाऊण तास घेतला. एकेकाला पडद्यावर गोल फिरवून बघत होता. “ह्यो म्होरनं बरा दिसतोय, पर मागनं हलका हाय.” “ह्येला खाऊन खाऊन सुस्ती आलीया.” “ह्यांचं दात दिसत न्हाईत वो, न्हाईतर वय सांगितलं असतं.” शेवटी एका किडकिडीत पोरीपाशी थांबला. “हिचं पाय बगा, पावणं. ही कळपातनं सुटली तर कुनाच्या बाला घावायची न्हाई.” मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, कंट्रोलर आणि दोन्ही हात त्याखाली घातले, आणि चेहरा पोस्टात नेऊन उभा केला.

त्या पोरीला अकरा युक्त्या येतात. त्यातली एक म्हणजे एक लाथ. डाव्या अंगठ्यानं खालून पुढं फिरवून उजव्यानं बटण दाबलं की ती उसळते, हवेत आडवी होते आणि टाच पुढं करून येते. साडूला ही लाथ पहिल्या पाच मिनिटांत चुकून सापडली. तिचं नाव त्यानं ‘टांग’ ठेवलं, आणि बाकीच्या दहा युक्त्यांची त्यानं आजपर्यंत साधी चौकशीही केलेली नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एकच लाथ आहे तर हरवा की त्याला. तिथंच माझं डोकं फिरतं. लाथ एकच आहे, पण तिच्यात सगळं आहे. लांबून मारली तर अर्धा पडदा ओलांडून येते. मी आगीचा गोळा टाकला तर गोळ्यावरून येते. मी उडी मारली तर खालून वर येऊन हवेतच गाठते. बटण दाबून धरलं तर उशिरा येते, म्हणजे मी अडवायला वर केलेले हात कंटाळून खाली घेतो, तेव्हा येते. पडलो आणि उठायला लागलो, तर मी उठायच्या आधी ती येऊन पोचलेली असते. एकाच किल्लीनं गल्लीतली सगळी कुलपं उघडावीत असा तो प्रकार आहे. “अहो, दुसरं काहीतरी मारा की!” मी ओरडतो. “कशाला?” साडू म्हणतो, “ही चालतीया की.” शेजारच्या काकू पहिल्यांदा घाबरून बघायला आल्या होत्या. आता येत नाहीत. माझा आवाज ऐकला की आज रविवार आहे एवढं त्या समजून घेतात.

मागच्या वर्षी मी चिडून सात दिवसांची रजा टाकली. बायकोला वाटलं, कुठंतरी फिरायला जायचं. मी घरी बसून टांगेचा अभ्यास केला. मोबाईलवर परदेशातल्या पोरांचे खेळ बघितले, वहीत आकृत्या काढल्या. निष्कर्ष असा निघाला की टांग अडवली, तर खाली उतरल्यावर ती पोरगी क्षणभर जड होते. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात मारलं तर लागतं. सात दिवस मी तेवढं एकच घोटलं. पुढच्या रविवारी साडू आला, टॉवेल टाकला, खेळ सुरू झाला, आणि त्याची पोरगी नुसती उभी राहिली. टांग नाही, काही नाही. मी अडवायच्या तयारीत. दहा सेकंद झाले, वीस झाले. टॉवेलखाली हालचाल नाही. साडूच्या कपाळावर एक आठी नाही. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. शेवटी मला राहवेना, मी एक शिवी हासडून पुढं धावलो, आणि टांग आली. पाचही डाव तसेच गेले. जाताना चपला घालत म्हणाला, “पावणं, तुमी लय लवकर बोली करताय. जरा गप बसाय शिका.” मी त्याच्या मागं दार आपटलं. त्याच्या टॉवेलाचं टोक दारात अडकलं, म्हणून पुन्हा उघडून द्यावं लागलं.

हे असंच चालत राहिलं असतं आणि मी कुढत म्हातारा झालो असतो, पण या वर्षी सासूबाई पडल्या. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. सासरे गेल्यापासून त्या आष्ट्याला एकट्याच राहतात. मुलगा नाही, या दोन मुलीच. अंगणात धुणं वाळत घालताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. फोटो मीच काढला. त्यांना ‘हलू नका’ म्हणावं लागलं नाही. टेबलावर हात ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, जेवलासा का तुमी?” माझी आई मी लहान असतानाच गेली. मशीनचं बटण मी दोनदा चुकीचं दाबलं.

सहा आठवडे त्या हाताला प्लास्टर घालून आमच्या घरी राहिल्या. मी घरात आलो की आमच्याकडं सगळे बोलणं आवरतं घेतात. सासूबाई आवरत नसत. मी तणतणत शिरलो तर त्या “काय झालं?” असं विचारत आणि अगदी कोणता पेशंट कसा हलला इथपर्यंत सगळं ऐकून घेत. ऐकून झालं की म्हणत, “मग तुमचं बी बराबरच हाय.” मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. रविवारी आम्ही खेळत असलो की त्या मागं खुर्चीत बसून बघत, आणि जावई म्हणून माझी बाजू घ्यायची सोडून त्या पोरीची घेत. “कुनाची वो ही पोर? लय धडाडीची हाय.” सहाव्या आठवड्यापर्यंत माझा आवाज इतका खाली आला की शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, साहेब आजारी आहेत का? सासूबाईंनी जाऊ नये असं मला वाटायचं. हे मी कोणापाशी बोललो नाही, पण फार वाटायचं.

प्लास्टर निघायच्या आदल्या रविवारी साडू आणि मेव्हणी आटपाडीहून आले आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणींचं जुंपलं. सासूबाई मागच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बायकोचं म्हणणं, आई इथंच राहील, हाकेच्या अंतरावर दवाखाने आहेत. मेव्हणीचं म्हणणं, तुमच्या या काडेपेटीत ती गुदमरेल, आमच्याकडं अंगण आहे, चार माणसं आहेत. आष्ट्याला एकटीला ठेवायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत होतं. आम्ही दोघं बाहेर टीव्हीपुढं बसलो होतो. आतला आवाज चढायला लागला तसा साडू म्हणाला, “पावणं, ह्येचा निकाल आपुनच लावू. पाच डाव. तुमी जिकला तर मामी हितं. मी जिकलो तर आटपाडीला.”

“निम्मं वर्ष इथं, निम्मं तिथं करू की,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला. “बारी लावायची न्हाई!” तो म्हणाला. “आमी चार भाऊ. आयेला तीन-तीन म्हयनं वाटून घेतली हुती. गठुळं उचलायचं न् म्होरल्या घरला जायाचं. कुठल्या चुलीम्होरं बसायचं ह्येच तिला शेवटपतूर कळलं न्हाई. मामीचं तसं करायचं न्हाई. एक घर, कायमचं. तुमचं न्हाईतर माजं.” मी ते ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं, कारण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. आज टांग अडवायची, आज याला पाडायचा आणि मामींना ठेवून घ्यायचं. मी म्हणालो, “टाका टॉवेल.”

पहिला डाव त्यानं घेतला, दुसराही त्यानंच. तिसऱ्याला मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. पडद्यावर दोन्ही योद्धे समोरासमोर उभे, आत बहिणी भांडताहेत, आणि टॉवेलखाली हालचाल नाही. शेवटी त्यालाच दम निघेना. टांग आली, मी अडवली, पोरगी जड झाली, मी हाणलं. तो डाव माझा. चौथाही तसाच माझा. पाचव्याला दोघांच्याही पट्ट्या बोटभर उरल्या. साडूच्या कानामागून घाम ओघळत होता आणि पोस्टातला चेहरा कुठल्या कुठं गेला होता. बहिणी भांडण टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. टांग आली. मी अडवली. पोरगी खाली उतरली, जड झाली, आणि माझा अंगठा बटणावर गेला.

टीव्ही बंद पडला.

भिंतीपाशी सासूबाई उभ्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी पिन उपटली होती. आणि पुढचंही लिहितो, लपवण्यात अर्थ नाही. मी त्यांच्यावर ओरडलो. “अहो मामी, जिंकत होतो मी!”

“काय जिकत हुतासा?” त्यांनी विचारलं.

मेव्हणी खाली बघत म्हणाली, “आई, तू कुठं ऱ्हायाचं त्ये ठरत हुतं.”

“मला ठावं हाय. भित्तीपल्याडच हुते, समदं ऐकलंय.” त्या आम्हा दोघांपुढं येऊन उभ्या राहिल्या. “मी काय शेरडू हाय व्हय वो, टावेलाखाली सौदा करायला? पाठ दाबून बगायची तेवढी ऱ्हायलीया. या, दाबा. दोगंबी दाबा. अंगात किती ऱ्हायलंय त्ये तरी कळंल. दोन लेकी, दोन जावाय. चार तोंडं हैत घरात. एका तोंडातनं तरी आलं का, मामी, तुमास्नी काय वाटतंय म्हून?”

आवाज मोठा नव्हता. मी ओरडणाऱ्यांतला माणूस, रागातलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. तसला राग मी त्याआधी कधी बघितलेला नव्हता. प्लास्टरमधला हात छातीशी धरून त्या उभ्या होत्या. मला माझीच चीड आली. ज्या बाईनं सहा आठवडे माझं रोजचं सगळं ऐकून घेतलं, तिला मी एक शब्द विचारला नव्हता. आणि आत्ता ओरडलो होतो तेही तिच्यासाठी नाही, एका बटणासाठी.

साडूनं टॉवेल बाजूला केला आणि कंट्रोलर खाली ठेवला. मोकळे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मग तो उठला, त्यांच्यापुढं फरशीवर जाऊन बसला आणि सगळ्यांसमोर, तोंडानं विचारलं, “मामी, तुमास्नी कुठं ऱ्हायाचंय?”

“आष्ट्याला. माज्या घरात.”

“परत पडलात तर?” मी म्हणालो.

“पडलं तर उठंन. न्हाईच उठाय आलं तर हाक मारीन. यायाचं का न्हाई त्ये मग तुमी ठरवा.”

प्लास्टर निघाल्यावर आम्ही त्यांना आष्ट्याला नेलं. साडूची शेळ्या वाहायची पिकअप त्यानं दोनदा फिनाईलनं धुतली होती, आणि साडू आणि सासूबाईंच्या मधल्या जागेवर मी अंग चोरून बसलो होतो. दाराला मोठं कुलूप होतं. हात अजून कच्चा होता, किल्ली फिरेना. आम्ही दोघं मागं उभे. साडूचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मागं आला. मी तर दोन्ही हात खिशातच घालून ठेवले होते. बराच वेळ गेला. शेवटी कुलूप निघालं, त्या आत गेल्या, खिडक्या उघडल्याचे आवाज आले, आणि मग त्या पुन्हा दारात येऊन म्हणाल्या, “च्या घेतासा, का लगीच जायाचंय?” आम्ही चहा घेतला. त्यानंतर साडूनं न्हाणीघरात धरायला लोखंडी नळी बसवली. कुठं बसवू ते त्यांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन बोटं खाली.

तेव्हापासून साडू मिरजेला खेळायला आला नाही. आष्ट्याला तो जातो आणि मीही जातो, पण तो गुरुवारी आणि मी रविवारी. मी मशीनशीच खेळून बघितलं. मशीनला सोळाच्या सोळा योद्ध्यांच्या सगळ्या युक्त्या येतात आणि ते मला सपाटून हरवतं. पण राग येत नाही. मी हरतो, कंट्रोलर ठेवतो आणि चहा पितो. बायको म्हणते, बरं झालं, रक्तदाब उतरला. मला काही बरं वाटत नाही. त्या माणसाला मी आजवर कधी ‘या’ म्हटलं नव्हतं. तो यायचा आणि मी चिडायचो, एवढंच आमचं नातं असं मी समजत होतो. परवा मी त्याला फोन लावला.

“पावणं, रविवारी खेळायला येता का?”

पलीकडं शेळ्या ओरडत होत्या.

“मामी एकल्याच असत्यात,” तो म्हणाला. “त्यास्नी इचारलासा का?”

विचारलं नव्हतं. मी सासूबाईंना फोन लावला आणि रविवारी मिरजेला येता का विचारलं. त्या म्हणाल्या, मिरजेपर्यंतचा प्रवास आता नको वाटतो, गाडीत बसलं की कंबर धरते. “पर हितं या की दोगंबी. माजा टीवी बारका हाय, चालंल का त्या खेळाला?” चालेल म्हणालो. “मग त्या पोरीला घिऊन या. बगून लय दिस झालं.”

त्यांचा आवाज जरा बारीक वाटला, की माझा फोनच जुना झालाय, कोण जाणे. कंबर कधीपासून धरते तेही मी विचारायला विसरलो. उद्या रविवार, पहिल्या एसटीनं आष्ट्याला जायचं ठरवलं आहे आणि खेळाचा डबा पिशवीत भरून ठेवला आहे. साडूला तसं कळवलं, तर म्हणाला, मी आजच पोचलोय, मामींच्या हातचं पिठलं खात बसलोय. मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही.